आम्रबनचा डावा कौल

१

देवाच्या कौलात कोणीतरी लबाडी केली होती, आणि तिचा पुरावा शनिवारी सकाळी नऊ वाजता कागदाच्या पुडीतून माझ्या टेबलावर आला.

पुडी आणली प्राचीने. समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गणपतरावांची ही सून. परळच्या एका इस्पितळात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर काचपट्ट्या तपासते, त्यामुळे घरातही तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पोरगी सोन्यासारखी, फक्त तोंडाला लगाम नाही. अर्थात ह्या बाबतीत मीही काही संत नाही.

"जसिंता आंटी, हे बघा. आणि मला वेडी म्हणू नका."

पुडीत तगरीची एक सुकलेली कळी होती. तिच्या देठाला मुगाएवढा पिवळट, चिकट गोळा लागला होता. मी नखाने दाबून वास घेतला.

"मेण," मी म्हटलं.

"मेणच! देवाच्या मुखवट्याला मेण कशाला लागतं, सांगा ना!"

थांबा, आधी माझी ओळख करून देते. मी भोईवाड्याच्या कोर्टात एकोणतीस वर्षं स्टेनो होते. साक्षीदार खोटं बोलतोय हे मला साहेबांच्या आधी कळायचं, पण मला पगार टायपिंगचा होता, म्हणून गप्प बसायचे. माझा स्टॅनली जाऊन सहा वर्षं झाली. आता मला गप्प बसवणारं कोणी नाही.

तर भानगड अशी. प्राची आणि तिचा नवरा गौतम ह्यांनी नेरळच्या पुढे 'आम्रबन' नावाच्या नव्या वसाहतीत घर बघितलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, लिफ्ट, झाडं, सगळं. ते घ्यायचं तर इथली खोली विकावी लागणार. म्हणजे एकदा गेलं की परत भोईवाड्यात पाय टाकायला जागा नाही. एवढा मोठा निर्णय गणपतराव स्वतःच्या डोक्याने घेतील? छे! कोकणातला माणूस. म्हणाले, देवाला कौल लावू.

कौल म्हणजे काय, तर देवाच्या मुखवट्याला दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक उजव्या कानाशी, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने देवाला प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही.

गुरुवारी संध्याकाळी डावी पडली. विषय संपला.

"आज मी सुकलेली फुलं काढत होते," प्राची म्हणाली, "सगळी हात लावताच गळली. ही उजवीकडची गळेना. खरवडून काढली. आंटी, ही पडणारच नव्हती! आणि आज सहा वाजेपर्यंत आम्ही हो म्हटलं नाही तर ते घर दुसऱ्याला जाणार."

"तुझा संशय कोणावर?"

तिने आवाज खाली आणला. "मेण लावून त्यावर कुंकू लावणारं आमच्या घरात एकच माणूस आहे. मी टिकली लावते. आंटी, हे आईंनी केलंय."

आई म्हणजे तिची सासू शेवंती. माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. मी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला.

२

मी लगेच समोरच्या चाळीत गेले. तीन जिने चढून वर पोचले तर शेवंती घरात नव्हती. ती गॅलरीच्या टोकाला गेली होती, बादली घेऊन. त्या मजल्यावर सोळा खोल्यांना चार संडास, सकाळी रांग असतेच. तिचे गुडघे गेलेत, भिंतीला हात लावत चालते, म्हणजे यायला वीस मिनिटं सहज लागणार. तेवढ्यात मी गणपतरावांना गाठलं. ते गॅलरीत स्टुलावर पेपर डोळ्यांना चिकटवून बसले होते. मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ह्यांना काम आठवतं.

"काय गणपतराव, घराचं काय ठरलं?"

"देवान डावो दिल्यान. ठरवूक काय रवलाच नाय."

"कळ्या कोणी लावल्या?"

"मी. दुसरो कोण लावतलो? पोरगो असताना गुरवाच्या मांडीक मांडी लावून बसायचंय मी. आणि मुखवटो शेवंतीन घासल्यान, चिंच लावून. दरवेळी तीच घासता."

"घासून झाल्यावर कोणी हात लावला होता त्याला?"

"कोणाक फुरसत हा? ही दोघां सात वाजता कामावरसून इली, तवसर मी गाऱ्हाणा सुरू केललंय." त्यांनी पेपर खाली ठेवला. "कित्याक गो इचारतंस?"

"सहज. तुम्हाला स्वतःला जायचं होतं का?"

म्हातारा रस्त्याकडे बघत म्हणाला, "माका खय बी चालता. माझे सोबती अर्धे गेले, अर्धे मुलांकडे गेले. पण शेवंतीक ही चाळ सोडवत नाय. तिचो जीव हयच."

"असं ती म्हणाली?"

"म्हणाक कित्याक होया? बावन्न वर्षां संसार केलंय तिच्याबरोबर!"

मी मनातल्या मनात ते वाक्य टिपून घेतलं. हात अजून शॉर्टहँडसाठी शिवशिवतात माझे.

३

गौतम खाली चहाच्या टपरीवर भेटला. लोअर परळला एका कंपनीत हिशेबखात्याचे कॉम्प्युटर सांभाळतो, शनिवारी सुट्टी. लहानपणी माझ्याकडे इंग्लिश शिकायला यायचा, म्हणून मला अजून 'तू' म्हणतो.

"गौतम, खरं बोल. डावा कौल ऐकून तुला बरं वाटलं ना?"

तो ओशाळला. "आंटी, तू पण ना! हो, वाटलं. इथून ऑफिस चालत पंधरा मिनिटं. तिथून जाऊन-येऊन चार तास. पण प्राचीला मी शब्द दिला होता. आणि एका खोलीत चार माणसं, ती तरी किती दिवस काढणार?"

"म्हणजे तुलाही कौल डावा हवा होता."

"हवा होता म्हणून मी देवाला फेविकॉल लावला का?" तो उखडला. "प्राचीने मला पण दाखवली ती कळी. मी तर दारात चप्पल काढत होतो तेव्हा बाबांचं गाऱ्हाणं निम्मं झालं होतं. वाटलं तर प्राचीला विचार, आम्ही बरोबरच आलो."

"बरं बरं, चिडू नकोस. तुला माहितीय का, उजवी कळी कुठली ते?"

"देवाची उजवी ना? मी दहा वर्षांचा असल्यापासून बाबांना पाण्याची वाटी धरून देतोय."

"आणि आईचं काय? तिला घर कसं वाटलं?"

"तिला आवडलंच नाही. सगळं घर सोडून ती बाथरूममध्ये जाऊन बसली. प्राची ओट्याचे कप्पे बघतेय, बाबा बाल्कनीतून डोंगर बघतायत, आणि ही आत! कडी लावली, काढली, परत लावली. नळ सोडून बघितला. वीस मिनिटं झाली तेव्हा मी बाहेरून हाक मारली, आई, बरी आहेस ना? बाहेर आली ती डोळे पुसतच. परत येताना एक अक्षर बोलली नाही. चाळ सुटणार म्हणून रडली, दुसरं काय?"

"तिने तसं सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? आई आहे माझी."

पुन्हा तेच. मला आता राग यायला लागला होता, आणि तो नेमका कोणाचा येतोय हेही हळूहळू कळायला लागलं होतं.

४

दुपारी तीन वाजता शेवंती एकटी सापडली. गणपतराव आतल्या बाजूला घोरत होते, प्राची बाजारात गेली होती. शेवंती देवापुढे पाटावर बसली होती. पितळी मुखवटा समोर, लखलखीत. त्याच्या एका कानाशी, माझ्या डाव्या हाताला, मेण खरवडल्याचा डाग दिसत होता.

"जेवली नाहीस म्हणे दोन दिवस," मी म्हटलं.

"भूक नाय."

"प्राची म्हणत होती, आईच्या मनाला काहीतरी खातंय."

मी तिच्याशेजारी फतकल मारली. माझ्या देवाची पद्धत वेगळी, पण बसायला हरकत काय?

"शेवंती, परवा कौल लावला तेव्हा तू कुठे होतीस?"

"चुलीकडे. नैवेद्य कोण करतलो? मी कधीच म्होरं बसणंय नाय गो. गावाक तर बायकांका देवळात आत कोण घेता? आमी भायर पाराकडे. आतसून आरड येता, 'उजवो दिल्यान!' की आमी हात जोडतो."

"म्हणजे कळ्या पडताना तू कधी बघितल्याच नाहीस?"

"नाय."

"पण कुठली पडायला हवी ते ठाऊक असेल."

"ता कोणाक म्हायत नाय? उजवी." तिने मुखवट्याकडे बघत आपला उजवा हात पुढे केला आणि त्याच्या, स्वतःच्या उजव्या हाताला येणाऱ्या, कानाला बोट लावलं. "ही. ही पडाक होयी होती."

आणि एकदम तिचे डोळे भरले. "जसिंता, देवाक सगळा दिसता ना गो?"

"दिसतं म्हणतात."

"मगे झाला तर," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मला पुढे विचारवेना. उठून बाहेर आले. दुसऱ्या जिन्यावर पोचले आणि तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. कोर्टात साक्षीदार म्हणाला की आरोपी उजवीकडे उभा होता, की साहेब ताबडतोब टोकायचे, "कोणाच्या उजवीकडे?" एकोणतीस वर्षांत हजार वेळा टाइप केला असेल तो प्रश्न.

सगळं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर सरळ झालं. गुन्हेगार मला कळला. आणि खरं सांगते, त्या क्षणी तोंड मिटून घरी जावंसं वाटलं. गुरुवारी कौल डावा आला ऐकून मलाही आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू? सहा वाजेपर्यंत मी गप्प बसले असते, तर शेवंती जन्मभर माझ्या समोर राहिली असती. साडेतीन झाले होते.

मी जिना उतरले नाही. वर गेले आणि गणपतरावांना हलवून उठवलं.

५

साडेचारला सगळे खोलीत होते. गणपतराव खाटेवर, गौतम दाराला टेकून, प्राची ओट्यापाशी हाताची घडी घालून, आणि शेवंती पाटावर मान खाली घालून. मी मध्ये उभी. मोठी माणसं असं करताना आढेवेढे घेतात, पण मला मध्ये उभं राहायला आवडतं.

"कौलात घोटाळा झाला," मी म्हटलं. "उजवी कळी मेणाने चिकटवली होती, म्हणून डावी पडली."

गणपतराव ताडकन उठले. "काय? देवाक मेण? कोणी लावल्यान?"

"बसा, सांगते. आपण सगळे एकच गोष्ट शोधत होतो, कौल डावा यावा असं कोणाला वाटत होतं? गौतमला वाटत होतं. पण तो आणि प्राची दारात आले तेव्हा कळ्या लागल्या होत्या. ते दोघे सुटले. शिवाय प्राचीने लबाडी केली असती तर पुडी घेऊन माझ्याकडे कशाला आली असती?"

"मगे उरलंय मी," गणपतराव गुरगुरले.

"तुमच्या हातात कळ्या होत्या. डावा हवा असता तर डावी जरा सुकी लावली असती की काम झालं. मेण कशाला पाहिजे? आणि तुम्ही घरातले कर्ते. तुम्ही नुसतं नको म्हटलं असतं तरी इथे कोणाची हिंमत होती?"

प्राचीने सासूकडे बघितलं. "मी म्हटलंच होतं."

"तू अर्धं बरोबर म्हटलंस. गौतम, इकडे ये. माझ्यासमोर तोंड करून उभा राहा. उजवा हात वर कर." त्याने केला. "आता हा हात माझ्या कुठल्या बाजूला आला?"

"डाव्या."

"देवाचंही तसंच. मुखवटा आपल्याकडे तोंड करून बसतो. त्याची उजवी म्हणजे समोरच्याची डावी. हे गणपतरावांना माहीत, तुला माहीत, कारण तुम्ही तिथे बसता. पण जी बाई आयुष्यभर चुलीकडे बसली, जी गावात पाराकडे उभी राहिली, तिला हे कोण सांगणार? मेण लावणारीला वाटलं, आपण डावी कळी अडकवतोय, म्हणजे उजवी पडेल. तिने समोरून बघून डावीकडे मेण लावलं. ती निघाली देवाची उजवी."

"म्हणजे..." प्राचीच्या हाताची घडी सुटली.

"म्हणजे ह्या माणसाला कौल डावा नको होता. उजवा हवा होता. ह्या माणसाला आम्रबनचं घर हवं होतं."

गणपतरावांनी मान झटकली.

"कायच्या काय बोलतंस," गणपतराव म्हणाले. "शेवंतीक घर नको होता. सगळ्यांका म्हायत हा."

"कोणी सांगितलं? तुम्ही म्हणालात, तिला चाळ सोडवत नाही. गौतम म्हणाला, तिला घर आवडलं नाही. तिच्या तोंडून ऐकलंय कोणी? कोर्टात ह्याला ऐकीव पुरावा म्हणतात, आणि तुमचा तर ऐकीवसुद्धा नाही, नुसता मनाचा! अहो, जी बाई बावन्न वर्षं बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत उभी राहिली, ती स्वतःच्या कडीच्या संडासात वीस मिनिटं बसून डोळे पुसत बाहेर आली, तर ती दुःखाने रडली असेल? आणि तिला जर डावा कौल हवा होता, तर तो मिळाल्यावर दोन दिवस उपाशी का राहिली?"

शेवंतीने मान वर केली.

६

"मीच लावलंय मेण," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण स्पष्ट होता. "मुखवटो घासून झाल्यार लावलंय. ह्यांका मोतीबिंदूमुळे दिसला नाय. माका वाटला, देवाक जरा मदत करूया. तर देवान माका उलटा दिल्यान. लबाडीची शिक्षा."

"शिक्षा-बिक्षा काही नाही गं बाई," मी म्हटलं. "तू बाजू चुकलीस, बस."

गणपतरावांचा चेहरा लाल झाला होता. "देवाक फसवलंस? माझ्या देवाक? तोंड नव्हता तुका? सांगूचा नाय माका?"

"तुमी इचारलात कधी?"

मला वाटतं, बावन्न वर्षांत तिने त्यांना उलट प्रश्न पहिल्यांदाच विचारला असावा.

"लग्न झाला तेवा मी सतरा वर्षांची," शेवंती म्हणाली. "रात्रीचा जाऊचा लागला तर तुमका उठवूक लाज वाटायची, म्हणून संध्याकाळी पाणी पिणंय नाय. आजून पिणंय नाय. गौतमाच्या वेळेक नऊ म्हयने ह्या गॅलरीतसून चललंय. आता गुडघे ऱ्हवले नाय. लोकांची पोरां मागे उभी ऱ्हवतत, 'आजी, लवकर' म्हणतत. माका तां घर होया. दुसरा काय एक नको, पण तां दार माका होया. माझ्या हातान कडी लावूची हा."

प्राची जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "आई, मी तुमच्यावर नाही नाही ते... मला माफ करा." ती हुंदके देऊन रडायला लागली. गौतम भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण त्याचे खांदे मला दिसत होते. रोजचे चार तास त्याच्या वाट्याला येणार होते, आणि तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तेव्हा मला त्या पोराचा फार अभिमान वाटला.

गणपतराव खाटेच्या कडेला बसले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "चूक झाली माझी. शेवंती, आंघोळ करून परत कौल लावतंय. ह्या वेळेक नीट. तू म्होरं बस."

"नको," शेवंती म्हणाली.

"म्हंजे?"

"देवाक इचारून झाला. आता त्येका तरास नको. माका घर होया, मी सांगतंय तां पुरे."

गणपतरावांनी बायकोकडे बघितलं. त्या पिकलेल्या डोळ्यांना किती दिसलं देव जाणे. मग म्हणाले, "गौतम, फोन लाव त्यांका. सांग, माझ्या बायकोन हो म्हटल्यान."

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन लागला. प्राचीने डोळे पुसून भात टाकला. मी आपली गॅलरीत जाऊन उभी राहिले. केस सुटली होती, कोर्टातल्या एकाही वकिलाला जमलं नसतं असं मी ती सोडवली होती, आणि मला रडू आवरत नव्हतं. माझं घर तिथून समोरच दिसतं. त्या खिडकीतून चाळीस वर्षं मी ह्या गॅलरीकडे बघून हाक मारत आले, आणि शेवंती ओ देत आली.

भिंतीला हात लावत लावत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"रडतंस कित्याक?"

"तू जाणार म्हणून."

"मगे सांगलंस कित्याक सगळ्यांका? गप ऱ्हवली असतंस तर मी हयच होतंय."

"तुला हवं होतं ना," मी म्हटलं.